"नळी तुटलीय, दांडानं जा": डोंगरउतारांचे शब्द नीट समजून घ्यायचे आहेत

रानजाई

नमस्कार. प्रश्न शब्दांचा आहे, पण त्यामागे एक प्रसंग आहे. तो आधी सांगते, म्हणजे मी इतकी मागे का लागले आहे ते कळेल.

गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जण घाटमाथ्यावरच्या केळद गावाच्या बाजूनं खाली कोकणात उतरत होतो. मढे घाट आणि उपांड्या या दोन्ही घाटवाटा आधी झाल्या होत्या, म्हणून या वेळी जवळचीच एक कमी वापरातली वाट घ्यायची ठरलं. माथ्यावरच्या शेवटच्या झापाशी (झोपडीशी) एक मामा गुरं सोडत होते. त्यांना वाट विचारली. ते म्हणाले, "म्होरं नळी तुटलीय. दांडानं जावा. पदरात उतरला की आडवं मारा." हातानं दिशा दाखवली आणि गुरांमागं गेले.

मी पुण्याची. घरी मराठी, शाळा मराठी, रोजचं काम मराठीत. तरी त्या तीन वाक्यांचा अर्थ मला लागला नाही, आणि लागला नाही हेही त्या क्षणी समजलं नाही. झापाशेजारून पाण्याची काळी प्लास्टिकची नळी गेली होती. तीच कुठंतरी तुटली असेल असं मी धरून चालले. 'दांड' हे खालच्या वाडीचं नाव वाटलं. 'पदरात' म्हणजे काय ते विचारायचं राहूनच गेलं.

पुढं गेल्यावर दोन पर्याय दिसले. डावीकडं गवताळ, अरुंद, दोन्ही बाजूंनी उतरता असा डोंगराचा भाग खाली गेला होता, त्यावर वारा होता आणि बघूनच पाय कापत होते. उजवीकडं झाडीतून उतरणारी रुंद, सावलीची, दगडधोंड्यांची खाच. आम्ही सावलीची बाजू धरली. चाळीसेक मिनिटं मोठमोठ्या धोंडांवरून उतरलो आणि एका गुळगुळीत काळ्या कातळाच्या ओठाशी येऊन थांबलो. खाली सरळ पन्नास-साठ फूट. पावसाळ्यात तिथून धबधबा पडत असणार. आमच्याकडं तीस फुटांचा दोर होता. परत चढताना एकीचा पाय दोन धोंडांमध्ये सापडून मुरगळला. जिथं उतरायला चाळीस मिनिटं लागली तिथं चढायला साडेतीन तास लागले, आणि शेवटच्या टप्प्यात अंधार पडला.

वरून बॅटरीचा उजेड आला तो त्याच मामांचा. ते पलीकडच्या माळावरून दांडाकडं बघत होते म्हणे. "दांडावर डोकी दिसली न्हाईत, म्हंजी नळीत शिरला असनार." त्यांनी सगळं आधीच सांगितलं होतं. नळी पुढं तुटली आहे, म्हणजे तिचा तळ कड्यावरून एकदम खाली पडतो, म्हणून दांडानं जा. यापेक्षा नेमकं कोण काय सांगणार? मला माझीच भाषा आली नाही, याचं फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

आता आमच्या गटात येणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी एक वही करते आहे. आम्ही सगळे रिज, गली, स्क्री, ट्रॅव्हर्स, रॉकपॅच असंच बोलतो. त्यानं आपसात काम भागतं, पण ज्याला वाट विचारायची तो माणूस यातलं काही बोलत नाही. मला हवं आहे ते असं: सोंड, दांड आणि धार यांत फरक काय? नाळ, नळी आणि घळ एकच का? पदर म्हणजे नक्की काय? आणि 'आडवं मारणं'? शब्दकोशातले अर्थ पाहिले. 'कडा' आणि 'सुळका' सापडतात, पण त्यावरून पाय कुठं टाकायचा ते कळत नाही. तुमच्या भागात जे खरंच बोललं जातं तेच सांगा, कृपया.

मोसेखोऱ्यातला

रानजाई ताई, पाय बरा झाला का मैत्रिणीचा? मामा शोधत आले हे वाचून बरं वाटलं.

मी डोंगरातच वाढलो. वडिलांनी शिकवलं ते असं, की डोंगर बघायचा तर त्यावर पाणी ओतल्यासारखा बघायचा. जिथं पाणी दोन्हीकडं पांगतं ती धार. जिथं पाणी दोन्हीकडून गोळा होतं ती नळी, नाळ, घळ. बाकी सगळी नावं या दोन गोष्टींत बसतात.

आता धार, सोंड, दांड. धार ही नुसती कडेसारखी अरुंद पाठ, ती आडवीही असते, दोन शिखरांना जोडणारीही असते. सोंड मात्र खाली उतरते. हत्तीची सोंड कशी डोक्यातून निघून जमिनीला टेकते, तशी माथ्यापासून पायथ्याला येणारी. दांड म्हणजे आमच्याकडं तीच, पण जास्त सरळ, जास्त उघडी. तुम्ही जी बघून घाबरलात ती. दांडावर भीती वाटते पण वाट चुकत नाही, कारण दोन्ही बाजू दिसतात आणि पाणी वाट कापत नाही. गुरं डोंगर उतरताना शक्यतो दांडानंच उतरतात, म्हणून ढोरवाट दांडावर सापडते. सोंडेच्या टोकाला पुढं आलेला कातळाचा भाग असतो त्याला नाकाड म्हणतात. "नाकाडावर जाऊ नका, बगलेनं घ्या" असं कुणी सांगितलं तर ते टोक सोडून त्याच्या कुशीतून वळसा घ्यायचा.

डोंगराला आम्ही अंग असल्यासारखं बोलतो हे लक्षात आलं असेल. माथा, खांदा, नाक, पोट, बगल, कूस, पायथा. ही नुसती शोभा नाही. 'खांदा' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, माथ्याच्या जरा खाली एक टेकायची जागा आहे. 'पोटात' म्हटलं की कळतं, वरून कडा पुढं आलेला आहे आणि खाली आत गेला आहे, तिथून दोर टाकला तर तो भिंतीला लागणार नाही.

पदर समजला पाहिजे, तोच जीव वाचवतो. वरचा कडा संपतो आणि खालचा कडा सुरू होतो, त्यांच्या मधे डोंगराला गुंडाळलेला सपाट-उताराचा पट्टा असतो. झाडी असते, बहुधा पाणी असतं, कुठं देवराई असते. लुगड्याचा पदर खांद्यावरून कसा येतो, तसा. भीमाशंकरच्या खाली पदरगड आहे, त्याचं नावच त्यावरून. वरचा कडा उतरलात की तुम्ही पदरात आलात. आता खालचा कडा उतरायला वाट एखाद्याच ठिकाणी असते, तिथंवर पदरातून उंची न सोडता चालत जायचं. यालाच आडवं मारणं किंवा आडवी मारणं म्हणतात. तुमचा ट्रॅव्हर्स तो हाच. मामांच्या तीन वाक्यांत पूर्ण नकाशा होता बघा: खाच टाळा, पाठीवरून उतरा, मधल्या पट्ट्यात थांबा, तिथून वळसा घ्या.

नाळ आणि नळीबद्दल: नाळ मोठी, वापरातली, बहुतेक वेळा घाटवाटच. लिंगाण्याशेजारची बोराट्याची नाळ, सिंगापूरची (हे तिथलं गाव) नाळ, पलीकडं आग्या नाळ. नळी अरुंद. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट सगळ्यांना माहीत आहे. घळ म्हणजे खोल, अंधारी, जिच्यातून वाट असेलच असं नाही. पण हे कुणी मोजून ठेवलेलं नाही, चार कोसांवर बदलतं. म्हणून नावापेक्षा पुढचा प्रश्न महत्त्वाचा: "नाळ सलग हाय का तुटलीय?" हाच प्रश्न, याच शब्दांत विचारा. कुठल्याही गावात उत्तर मिळेल.

कातळटप्पा

मी गिर्यारोहण-बचावाच्या कामात स्वयंसेवक आहे, म्हणून एक बाजू सांगतो.

अडकलेली माणसं फोन करतात तेव्हा ऐंशी टक्के वेळ एकच वाक्य असतं, "आम्ही दरीत अडकलोय." (ऐंशी टक्के हे मोजलेलं नाही, माझ्या कानाचं आहे.) दरी म्हणजे पाच किलोमीटरची दरीही आणि पाच फुटांची खाचही. मग मी विचारत बसतो: तुमच्या दोन्ही हातांना कातळ आहे का? पायाखाली धोंडे आहेत का माती? खाली झाडांचे शेंडे दिसतात का बुंधे? एवढं विचारून कळतं की ते नाळेत आहेत का कड्याच्या मधल्या कपारीत. फोनची बॅटरी तेवढ्यात चार टक्के उतरते. हेच कुणी "नाळेत आहोत, खाली तुटलंय, वर घसारा आहे" असं सांगितलं, तर सोबत काय घ्यायचं ते आम्हाला निघतानाच कळतं.

तुमच्या वहीत हे घाला. स्क्री म्हणजे घसारा. मुरमाचा, बारीक गोट्यांचा उतार, पाय टाकला की खाली सरकतो. त्यावर माणूस पडण्यापेक्षा वरच्यानं लोटलेला दगड खालच्याला लागण्याचा धोका जास्त. म्हणून घसाऱ्यावर एकाखाली एक चालायचं नाही. रॉकपॅचला कातळटप्पा म्हणा, शब्द छान आहे, मी स्वतःचं नावच ते घेतलंय. कातळात पाय ठेवायला खोदलेल्या खाचा म्हणजे पावठ्या, हाताची बोटं जातील एवढी ती खोबण. आणि ज्याला आपण एक्स्पोजर म्हणतो, म्हणजे बाजूची उघडी खोली बघून वाटणारी भीती, त्याला आता बरेच भटके दृष्टिभय म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. हरिहर गडाच्या कातळकोरीव पायऱ्या चढायला अवघड नाहीत, खोबणी हाताला पक्क्या लागतात. तिथं जे होतं ते डोळ्यांना होतं. "वाट सोपी, दृष्टिभय जास्त" असं लिहिलं की नवख्याला बरोबर तयारी करता येते. नुसतं 'अवघड' लिहिलं तर काहीच कळत नाही.

चढाचेही प्रकार लिहा. 'उभा चढ' सगळे म्हणतात. 'छातीवरचा चढ' म्हणजे समोरचा उतार जवळजवळ छातीला टेकतो असा. 'अंगावर येणारा' म्हणजे लांबून बघूनच दम लागतो तो. आणि 'दमाचा चढ' म्हणजे धोका नाही, नुसता लांबलचक. यातल्या प्रत्येकाला वेगळी चाल लागते.

दोन डोंगरांमधल्या खालच्या जागेचं राहिलं. खिंड हा सगळीकडचा शब्द. कळसूबाईच्या पायथ्याच्या गावाचं नावच बारी आहे, बारी म्हणजेही खिंड. नाणेघाटाच्या भागात त्याला दार म्हणतात: भोरांड्याचं दार, रिठ्याचं दार. कड्याच्या भिंतीत जिथून आत-बाहेर करता येतं ते दार. लांबून ती सलग भिंत एकदा बघितली की या शब्दापुढं दुसरा सुचत नाही.

भूगोलाचे सर

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून शाळेतला फळा डोळ्यांपुढं आला. तीस वर्षं सह्याद्री शिकवला. यातले निम्मे शब्द मी पुस्तकातून नाही, सहलीच्या वेळी वाट दाखवायला येणाऱ्या गावकऱ्यांकडून शिकलो.

पदर का असतो, ते सांगतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा थरावर थर पसरत गेला. काही थर घट्ट, सलग बेसॉल्टचे. ते झिजताना उभे तुटतात, त्यांचा कडा होतो. मधले काही थर वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, तर कुठं दोन थरांमधे लाल मातीसारखा पातळ पट्टा. ते लवकर झिजतात, त्यांचा उतार होतो, माती साठते, झाडी येते. तोच पदर. कडा, पदर, कडा, पदर असा जिना. 'डेक्कन ट्रॅप' यातला 'ट्रॅप' हा शब्दही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. म्हणजे युरोपातल्या भूवैज्ञानिकाला जिना दिसला आणि आपल्या बाईला पदर दिसला. चालणाऱ्याच्या दृष्टीनं पदर जास्त उपयोगी, कारण जिना चढून जायचा असतो आणि पदर भोवती फिरलेला असतो.

ते फिरलेलं असणं महत्त्वाचं. थर जवळजवळ आडवे असल्यामुळं एका सोंडेवर ज्या उंचीला पदर सापडतो, साधारण त्याच उंचीला तो शेजारच्या सोंडेवरही असतो. आडवं मारणं शक्य होतं ते यामुळं. पावसाळा सरताना समोरचा डोंगर बघा, झाडीची हिरवी पट्टी एका रेषेत गेलेली दिसेल. कागदावर ती रेषा काढून ठेवली तर अर्धी वाट घरीच सापडते.

नाळा बहुतेक खडकातल्या उभ्या भेगांवर होतात. पाणी भेगेत शिरतं, भेग रुंदावते, आणि वाटेत घट्ट थर लागला की तिथं पायरी राहते. त्या पायरीवरून पाणी पडतं. मामा ज्याला 'तुटलीय' म्हणाले ती ही पायरी. म्हणजे नाळ तुटणं हा अपवाद नाही. प्रत्येक नाळेत घट्ट थर येणारच, फक्त काही ठिकाणी दगडधोंडे साठून ती पायरी बुजलेली असते आणि वाट होते. एका पावसात ते धोंडे वाहून गेले की कालची वाट आज तुटते. म्हणून दरवर्षी नव्यानं विचारायचं.

घसाऱ्याबद्दल एक आकडा: सुटे दगड साधारण ३० ते ३७ अंशांच्या उतारावर कसेबसे टिकून राहतात. त्याहून जास्त उतार झाला की सरकतात. घसारा आधीच त्या काठावर असतो, म्हणून एका पावलानंही हलतो.

सड्यावरची

मी राजापूरची. ताई, तुमची वही घाटाची आहे हे कळतंय, पण तुम्ही उतरून कोकणातच येता, म्हणून एक गोष्ट जरूर लिहा. वर सगळ्यांनी 'कातळ' म्हटलं तो उभा. आमच्याकडं कातळ आडवा असतो. जांभ्याची उघडी, सपाट, मैलोन् मैल पसरलेली जागा, तीच सडा. "कातळावर गेलोय" म्हणजे माझे काका गुरं घेऊन वर सपाटीला गेलेत, कड्यावर चढलेले नाहीत. बारसू, उक्षी, कशेळी इथली कातळशिल्पं अशाच सड्यांवर आहेत, पायाखाली. एकदा एका पाहुण्याला "कातळ ओलांडा की घर" असं सांगितलं तर तो बिचारा दोर शोधत होता.

सडा संपतो तिथं मात्र एकदम उतार. वाडीत उतरणाऱ्या त्या वाटेला आम्ही घाटी म्हणतो आणि जांभ्याच्या पायऱ्या बांधलेल्या असल्या तर पाखाडी. पावसात पाखाडीवर शेवाळ धरतं. माझी आजी पायऱ्यांच्या मधून कधी उतरली नाही, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बाजूनं, गडग्याला हात लावत. तेच आम्हा मुलींना लावलं. पाण्याच्या जागेला तुमची नाळ-नळी नाही, आमच्यात पऱ्या आणि व्हाळ. पऱ्या पावसाळ्यापुरता, व्हाळ मोठा.

आणि दरड. घाटात राहणाऱ्यांना दरड म्हणजे बातमीतली. आम्हाला दरड म्हणजे घरामागचा कापलेला उभा मातीचा भाग, जो जुलैत रात्री ऐकत झोपायचं असतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मैत्रिणीचा पाय बरा आहे, पट्टा सुटला.

सरांनी सांगितलं तशी समोरच्या डोंगराची रेषा काढून बघितली. त्या दिवशीचा एक फोटो होता, माथ्यावर पोचल्यावर काढलेला. त्यात पदर स्पष्ट दिसतोय. हिरवी पट्टी दांडाच्या मध्यावरून निघून उजवीकडं जाते आणि आम्ही अडकलो ती नळी बरोबर त्या पट्टीच्या वर तुटते. म्हणजे आम्ही ज्या ओठावर उभे होतो त्याच्या साठ फूट खालीच पदर होता, झाडी दिसतही होती.

हे लिहायच्या आधी परत एकदा केळदला जाऊन आले, मामांना भेटायला. वही नेली होती. माझ्या चित्रावर मी 'सोंड' लिहिलं होतं तिथं बोट ठेवून म्हणाले, "सोंड ती पल्याडची, जाड. ह्यो दांड." खोडून दांड केलं. मग आम्ही अडकलो त्या जागेवर मी नुसती फुली मारली होती, ती बघून विचारलं, हे काय? म्हटलं, नळी तुटते ती जागा, तिला नाव आहे का?

"हाय की. बैलपडी."

कधी, कुणाचा बैल पडला, ते त्यांना माहीत नाही. त्यांच्या आज्यापासून नाव तेच आहे. त्यांच्या घरातल्या कुणालाही नळीत उतरू नको असं वेगळं सांगावं लागलेलं नाही. मी विचारलं, मामा, त्या दिवशी नाव का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तुमी नळीचं इचारलंच न्हाय, वाटंचं इचारलं."

वहीत फुलीच्या जागी बैलपडी लिहिलं आहे. आता आजूबाजूच्या नाळा, दांड, नाकाडं, टेपाडं यांची अशी नावं मामांबरोबर फिरून लिहून घ्यायची आहेत. दिवाळीनंतर, गवत कापून झालं की ते मोकळे असतात. मोसेखोऱ्यातले दादा, तुम्ही तुमच्या खोऱ्यातली लिहून काढाल का? एकाच कागदावर नको, प्रत्येक दांडाला वेगळं पान ठेवा, मी तशीच करते आहे. डावीकडं चित्र, उजवीकडं नावं, आणि खाली कुणी सांगितलं त्यांच्या वाडीचं नाव.